दुसऱ्या वैमानिकाची किंमत

लहान व्यावसायिक जेट विमान स्वस्त करावयाचे तर केवळ आकार आटोपशीर करून भागत नाही; कॉकपिटमधील एक माणूसही कमी करावा लागतो. या विमानांच्या रचनेमागील अर्थशास्त्र मुख्यतः हेच आहे.

अमेरिकेतील ‘एक्लिप्स ५००’ हे या विचाराचे सर्वांत धाडसी अपत्य होय. दोन इंजिने, वैमानिकासह सहा आसने आणि दहा लाख डॉलरहूनही कमी किंमत, अशी घोषणा २००० साली झाली. बऱ्याचशा रिव्हेटांऐवजी घर्षणाच्या उष्णतेने पत्रे सांधून श्रम वाचविण्यात आले. कॉकपिटमध्ये तबकड्यांच्या जागी तीन पडदे बसले, देखरेखीचा मोठा भाग संगणकाकडे गेला आणि एकट्या वैमानिकाने विमान चालविण्यास मान्यता मिळाली.

दुसऱ्या वैमानिकाचा पगार वाचला खरा. परंतु खर्च नाहीसा झाला नाही, तो यंत्राच्या खात्यावर गेला. माणसाची दक्षता यंत्रात भरावयाची, तर त्या यंत्राची कसोटीही तितकीच कठोर हवी. जून २००८ मध्ये शिकागोच्या मिडवे विमानतळावर उतरताना एका एक्लिप्सच्या थ्रॉटलवर नेहमीपेक्षा अधिक जोर पडला. संगणकाने तो बिघाड मानला आणि दोन्ही इंजिने पूर्ण शक्तीवर अडकून राहिली. सुदैवाने त्या दिवशी कॉकपिटमध्ये दोन वैमानिक होते. एक इंजिन बंद करून विमान उतरविण्यात आले. कोणासही इजा झाली नाही.

विमानाची किंमत पुढे वीस लाख डॉलरच्या वर गेली. प्रचंड उत्पादनाचे गणित जुळले नाही आणि सुमारे २६० विमानांनंतर, नोव्हेंबर २००८ मध्ये, कंपनीने दिवाळखोरी पत्करली. याउलट सेसनाच्या ‘मस्टँग’नेही एकाच वैमानिकाची सोय केली, परंतु किंमत आरंभापासून चढी ठेवली, तिचे उत्पादन २०१७ पर्यंत चालले. कल्पना चुकीची नव्हती, हिशेब अपुरा होता.

‘सिरस व्हिजन जेट’मध्ये २०२० पासून वैमानिक असमर्थ झाल्यास प्रवाशाने एक बटण दाबताच विमान स्वतः उतरू शकते. म्हणजे दुसरा वैमानिक यंत्ररूपाने परत आला, आणि तोही फुकट नव्हे.

मोठ्या प्रवासी विमानांतही, निदान प्रवासाच्या काही टप्प्यांत, एकाच वैमानिकावर भागवावे, हा विचार आता पुढे आला आहे. सध्याच्या कॉकपिटमध्ये तितकीच सुरक्षितता सिद्ध करता येत नाही, असा निष्कर्ष युरोपीय विमानसुरक्षा संस्थेच्या अभ्यासाने २०२५ साली काढला. तो योग्यच आहे. पगारातील बचत कंपनीच्या पदरात पडते. जोखीम मात्र प्रवाशाच्या माथी येते. हा हिशेब पुरा मांडल्याविना त्या आसनाला हात लावणे इष्ट नव्हे.