ओपन सोर्स प्रकल्प : दार खुले, किल्ली कोणाकडे?

नवा ओपन सोर्स प्रकल्प उभारणाऱ्यांना पहिल्याच टप्प्यावर ठरवावे लागते की, बाहेरून येणाऱ्या कोणाला आत घ्यायचे आणि किती आत. हा निर्णय किती महाग पडू शकतो, हे २०२४ मधील ‘एक्सझेड युटिल्स’ प्रकरणाने दाखवून दिले.

माहितीचा आकार कमी करणारे हे छोटे सॉफ्टवेअर बहुतेक लिनक्स प्रणालींमध्ये असते. त्याची देखभाल अनेक वर्षे प्रामुख्याने एकच स्वयंसेवक करीत होता. ‘जिया टॅन’ या नावाने कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ उपयुक्त दुरुस्त्या पाठवीत राहिले. त्याच सुमारास अन्य अनोळखी नावांनी, काम संथ चालल्याची तक्रार करीत, नव्या माणसाला अधिकार देण्याचा तगादा लावला. अधिकार मिळाले आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत छुपा प्रवेशमार्ग घातला गेला. दूरस्थ लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जादा का लागतो, या शंकेतून मायक्रोसॉफ्टमधील अभियंता आंद्रेस फ्रॉइंड यांनी २९ मार्च २०२४ रोजी तो उघड केला.

यानंतर ओळखपत्र तपासण्याची मागणी होणे स्वाभाविक होते. तथापि, ओळखीच्या निकषाला दुसरी बाजू आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्स कर्नलच्या देखभालकर्त्यांच्या यादीतून रशियाशी संबंधित सुमारे डझनभर नावे वगळण्यात आली. त्यामागे निर्बंधविषयक कायद्यांचे कारण होते, कामातील दोषाचे नव्हे.

डेबियनची पद्धत अधिक विचारपूर्वक आखलेली दिसते. तेथे दुरुस्ती कोणीही सुचवू शकतो. पूर्ण अधिकार मात्र ओळखीची खातरजमा, प्रकल्पाच्या तत्त्वांची जाण आणि तांत्रिक क्षमता पडताळल्यावरच मिळतात. अर्थात, एक्सझेडमधील खरी कमजोरी अशा चाळणीनेही पूर्ण भरून निघाली नसती : थकलेल्या एका माणसावर सारा भार होता आणि नव्या आवृत्त्या तपासणारा दुसरा कोणी नव्हता.

भारतासाठी हा विषय परका नाही. केंद्र सरकारने २०१५ मध्येच शासकीय कामासाठी ओपन सोर्सला प्राधान्य देणारे धोरण स्वीकारले. बंगळुरूच्या ट्रिपल-आयटीमध्ये साकारलेल्या ‘मोसिप’वर अन्य देश आपली राष्ट्रीय ओळखव्यवस्था उभारत आहेत. अशा प्रकल्पांत कोणतीही नवी आवृत्ती किमान दोघांच्या संमतीशिवाय प्रसिद्ध होऊ नये आणि तपासणाऱ्यांना त्या कामाचे वेतन मिळावे, ही तरतूद आरंभीच्या अंदाजपत्रकातच करावी लागेल.