तिसगावला सामाईक परसबाग हवी

नगरहून करंजी घाट ओलांडून पाथर्डीकडे निघालं की तिसगाव लागतं. बाजारपेठेचं गाव, भोवतीच्या वाड्या-वस्त्यांची खरेदी-विक्री इथेच. मात्र हा सगळा पट्टा पर्जन्यछायेतला. पाऊस सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. अशा गावात भाजीपाल्याची सामाईक बाग करा म्हटलं, की पहिला प्रश्न येतो : प्यायला पाणी नाही, बागेला कुठून आणायचं? प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर मुद्द्यांनी मांडतो.

१. पाणी रोज घरामागून वाहून जातं. जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटरचं माप ठरवलं आहे. पाच माणसांच्या घरात ते २७५ लिटर होतं, आणि त्यातलं निम्म्याहून अधिक, म्हणजे दीडशे लिटर तरी, आंघोळ, धुणी-भांडी होऊन गटारात जातं. पुरवठा कमी झाला, टँकर सुरू झाला, तरी आंघोळ होते, भांडी घासली जातात. आच्छादन केलेल्या एका चौरस मीटर वाफ्याला कडक उन्हात दिवसाला पाच-सहा लिटर पाणी धरलं, तर दीडशे लिटरवर २५ चौरस मीटर वाफा जगतो. म्हणजे बागेसाठी प्यायच्या पाण्यातला एक तांब्याही काढावा लागत नाही.

२. ही रीत आपलीच आहे. जुन्या घरांच्या न्हाणीमागे अळू नाहीतर कर्दळ असायचीच. दुष्काळातही त्या कोपऱ्यातली पानं तळहाताएवढी रुंद आणि हिरवीगार असत, बाजूचं अंगण मात्र भेगाळलेलं. मोरीचं पाणी वाया घालवायचं नाही, हे कोणी शिकवावं लागत नव्हतं. आता साबणाची पावडर वाढली आहे, म्हणून पाणी आधी खडी, वीटकर आणि वाळू भरलेल्या खड्ड्यातून गाळून घ्यावं. गाळलेलं पाणीही शेवगा, कढीपत्ता, पपई, केळ यांच्या मुळाशीच द्यावं. कोथिंबीर, मुळा, मेथी यांना ते नको. त्यांच्यासाठी पावसाचं पाणी साठवावं.

३. छपरावर पडलेला पाऊस मोजून पाहा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. शाळेचं १०० चौरस मीटरचं छप्पर ५०० मिलिमीटर पावसात ५० हजार लिटर देतं. पाचवा हिस्सा वाया गेला धरला तरी ४० हजार उरतात. ते टाकीत साठवावं आणि मडक्याने द्यावं. बिनझिलईचं मडकं गळ्यापर्यंत वाफ्यात पुरायचं, पाण्याने भरायचं, वर झाकण ठेवायचं. माती कोरडी असेल तेवढंच पाणी मडक्यातून झिरपतं. भोवती लावलेल्या वांगी, मिरची, दोडक्याची मुळं मडक्याला बिलगून वाढतात, आणि वरची माती कोरडी राहिल्याने तणही कमी उगवतं.

४. माती कमवावी लागते. बाजार उठल्यावर मागे राहतो तो पाला, देठं, सडकी भाजी. हाच बागेचा कच्चा माल. प्रयोग परिवाराचे श्रीपाद दाभोळकर यांनी पालापाचोळ्यापासून कसदार माती घडवण्याचं शास्त्र सोपं करून सांगितलं. पुढे मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर याच विचारातून स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर बाग फुलली. सिमेंटच्या गच्चीवर जे जमतं, ते गावठाणातल्या मोकळ्या जागेवर का जमू नये?

५. बियाणं गावातच शोधावं. आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाण्यांची बँक उभारली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पण अकोल्याचा पश्चिम भाग पावसाचा, आपला कोरडा. म्हणून त्यांचं बी जसंच्या तसं आणण्यापेक्षा त्यांची पद्धत घ्यावी. गवार, चवळी, अंबाडी, तांदुळजा, वाल यांचं आपल्या उन्हाला टिकलेलं बी अजून एखाद्या आजीच्या गाडग्यात राखेत असेल. ते आधी जमवू.

६. बाग सामाईकच हवी, कारण पाथर्डी तालुक्यातली किती तरी कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. घरची परसबाग त्यांच्यामागे वाळून जाते. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळकरी मुलं, त्यांच्याच ताटात भाजी हवी असते. बचतगट, शाळा आणि अंगणवाडी मिळून बाग सांभाळतील, तर ऐन हिवाळ्यात ती रिकामी पडणार नाही. गरज किती आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (२०१९-२१) सांगतं. राज्यातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. एकटी पालेभाजी तो घालवणार नाही, पण रोजच्या ताटात ती नसणं हेही दुखण्याचंच एक मूळ आहे.

७. नियम ग्रामसभेने करावेत आणि पाळावेत. हिवरे बाजार गावाची ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवते. तिथे उसाला मनाई आहे. पाऊस आपल्यापेक्षा जास्त नाही, पण शिस्त आहे. आपल्या बागेतही पाळी कोणाची, भाजीची वाटणी कशी, शेळ्या आत शिरल्या तर दंड किती, हे आधी लिहून घ्यावं. न लिहिलेल्या नियमांवर सामाईक कामं मोडतात.

८. पैशाची वाट आहे. १५व्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळात ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीतला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला होता. त्यात पावसाचं पाणी साठवणं आणि वापरलेलं पाणी पुन्हा वापरणं ही कामं बसत होती. गाळण-खड्डे आणि टाकी हा खर्च त्याच जातीचा आहे. तेव्हा गाव विकास आराखड्यात या कामांसाठी तरतूद मागता येते.

तिसगावकरांना विनंती एवढीच. येत्या ग्रामसभेला या, आणि शाळेजवळची दोन गुंठे जागा, एक गाळण-खड्डा आणि एक टाकी, एवढाच ठराव मांडा. दोन गुंठे पहिल्या वर्षी जगवून दाखवू. पुढचं क्षेत्र मग गावच मागेल.