काँगो ताप आणि यादीत नसलेली माणसं



सप्टेंबर २०२०. आपण सगळे कोरोनात गुंतलेलो असताना पालघरच्या पशुसंवर्धन विभागाने एक परिपत्रक काढले. गुजरातच्या काही जिल्ह्यांत काँगो ताप आढळला आहे, वलसाड आपल्याला लागून आहे, सावध राहा. पशुपालक, मांसविक्रेते, पशुसंवर्धन अधिकारी यांच्यासाठी ही चिंतेची बाब असल्याचे त्यात म्हटल्याच्या बातम्या आल्या. इशारा वेळेवर दिला, चांगलेच केले. पण मेलेले ढोर उचलणारा माणूस त्या यादीत मला दिसला नाही.

हा ताप गोचिडीतून येतो. ती चावली, हाताने चिरडली किंवा बाधित जनावराचे ताजे रक्त अंगाला लागले तरी लागण होते. जनावर मात्र बहुधा धडधाकट दिसते. माणसाला आधी ताप, अंगदुखी, पुढे रक्तस्राव. उद्रेकांत शंभरातले दहा ते चाळीस रुग्ण दगावतात. जनावर कापल्यानंतर मांसात विषाणू फार टिकत नाही, नीट शिजवलेल्या मांसाची भीती नाही. म्हणजे धोका खाणाऱ्यापेक्षा कापणाऱ्याला, सोलणाऱ्याला, ओढणाऱ्याला. तरी अफवा उठते ती खाणाऱ्याविरुद्धच!

आपल्या देशातला पहिला उद्रेक जानेवारी २०११ मध्ये साणंद तालुक्यातल्या कोलाट गावाशी जोडलेला. निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने केले. रुग्ण महिला गेली, तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर गेले, परिचारिका गेली. तिघांची नोंद झाली, व्हायलाच हवी होती. पण अशा रुग्णाच्या रक्ताने भरलेल्या चादरी कोण उचलतं? कोरोनात बोईसर परिसरातल्या एका रुग्णालयात कंत्राटी सफाई करणाऱ्या ताईंनी मला आपले हातमोजे दाखवले होते. दोन बोटे फाटलेली. नवे मागितले तर मुकादम म्हणाला, पुढच्या महिन्यात.

मित्र म्हणतात, विषाणू जात बघत नाही, तुम्ही इथेही जात आणता. विषाणू नाहीच बघत. काम वाटणारे बघतात. मेलेली ढोरे ओढणे सोडा, हे बाबासाहेबांनी १९२७ साली महाडमध्ये सांगितले. तेव्हा प्रश्न स्वाभिमानाचा होता, आज तो जिवाचाही आहे. २०१६ मध्ये उनाला मेलेली गाय सोलणाऱ्या तरुणांना मारले, तेव्हा तिथल्या बांधवांनी ढोरे उचलणेच थांबवले. मग कुणाचे काम आहे ते सगळ्यांना कळले.

म्हणून चिंचणी, वाणगाव, तारापूरच्या ग्रामसभांत एवढे विचारा: मेलेले जनावर उचलायला ग्रामपंचायतीकडे यंत्र आहे का? पुरायला जागा ठरली आहे का? उचलणाऱ्याला बूट, जाड हातमोजे, पगार, विमा आहे का? आणि पुढचे परिपत्रक निघेल तेव्हा त्यात सफाई कामगार आणि कंत्राटी वॉर्डबॉय यांची नावे घालणार का? उत्तर लेखी मागा, इतिवृत्तात नोंदवून घ्या.