आत्याच्या ओवीला इको लावू नका!

मंडळी, बरेच दिवस इकडे फिरकलो नव्हतो. आज मात्र भांडायला आलोय, तेही घरच्याच माणसाशी. (तो हे वाचणार, मला माहीत आहे. वाच बाबा!)

तर झालं असं. कारंज्याजवळच्या आमच्या गावी आत्याच्या जात्यावरच्या ओव्यांची जुनी कॅसेट सापडली. धाकट्या चुलतभावानं ती कॉम्प्युटरवर घेतली, एका इफेक्ट प्लगइनमधून काढली आणि आम्हाला ऐकवली. "दादा, आता कसं पिक्चरसारखं वाटते!" आईनं दोनदा ऐकलं आणि म्हणाली, "आवाज तिचाच हाये, पन म्हनते काय ते समजून नाही राह्यलं बाप्पा."

माझं भांडण ह्या वाक्यासाठी आहे.

पठ्ठ्यानं आत्याचा आवाज आणि जात्याची घरघर, सगळंच इकोतून नेलं. इकोचं अंतर 300 मिलिसेकंद. आत्या सेकंदाला चारेक अक्षरं म्हणते, म्हणजे एक अक्षर साधारण 250 मिलिसेकंदांचं. मग प्रत्येक अक्षराची सावली पुढच्या अक्षरावर पडणारच! शेवटच्या ओवीत तिनं भावाचं, म्हणजे माझ्या बाबांचं, नाव गुंफलंय. नेमकं तेच बुडालं. आई स्वतः ते नाव कधी घेत नाही. ऐकायला मात्र बसली होती.

त्यावर मॉड्युलेशन! एलएफओ म्हणजे एक संथ लाट, जी एखादं बटण आपोआप मागेपुढे फिरवत राहते. ती बांधली 120 च्या ठेक्याला, कारण नवी फाइल उघडली की बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तोच ठेका असतो. अरे, पण जातं काय 120 वर फिरत होतं? खुंटा ढकलला की घरघर चढते, मग उतरते आणि गळा त्या झोक्यावर चालतो. मॉड्युलेशन तिथे आधीपासून होतं, आत्याच्या मनगटात.

"मग यंत्र वापरूच नये का?" छे! कॅसेटमधली विजेची 50 हर्ट्झची गुणगुण मीही काढतो. पण मूळ आवाज सरळ बाहेर जाऊ दे. त्याचा एक फाटा काढ, तेवढाच रिव्हर्बकडे ने आणि त्यातली खर्जातली घरघर गाळून टाक. मॉड्युलेशन हवंच असेल तर ते आत्याच्याच आवाजाकडून करवून घे: ती म्हणत असताना रिव्हर्ब दबेल, थांबली की वर येईल. शेताला पाणी द्यायला आपण पाट काढतो, धरण फोडत नाही.

खरं दुखणं वेगळंच आहे. साधा, उघडा आवाज आपल्याला गावंढळ वाटतो, त्याची लाज वाटते. गी पॉतवँ आणि हेमा राईरकर ह्यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आज 'परी'च्या संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी ऐकायला मिळतात, गाणारीच्या नावागावासकट. ओवीचं मोल ह्यातच आहे: कोण म्हणतेय आणि काय म्हणतेय. तेच पुसून टाकलं तर उरतो नुसता इफेक्ट.

असो. मूळ फाइल मी जपून ठेवली आहे. रविवारी ये, मिळून बसू. आईला ते नाव ऐकू आलं, की आपलं भांडण मिटलं.