जुन्या पिकअपचा डिझेल-हीटर आणि फ्यूजच्या जागची तार

थंडीचे दिवस सुरू झाले की पहाटेच्या वेळी माल भरून उभी असलेली जुनी पिकअप चालू न होणे, हा आपल्या खेड्यांतून नित्याचा अनुभव आहे. सेल्फ मारून बॅटरी थकते, गाडीभोवती चार माणसे जमतात आणि त्यांपैकी कोणीतरी निर्णय देतो, "हीटर गेला." पुढे मिस्त्री येतो, काहीतरी बदलतो, गाडी निघते, परंतु नेमके काय बिघडले होते याचा उलगडा मालकास होत नाही. आठ दिवसांनी तोच प्रकार पुन्हा घडतो. लिलावाची वेळ टळली म्हणजे भाजीचा भाव उतरतो, आणि दुरुस्तीचा खर्च वेगळाच. प्रस्तुत लेखकाच्या मते या नुकसानीचे मूळ थंडीत नसून, कारण शोधण्यापूर्वी उपाय करण्याच्या आपल्या सवयीत आहे.

प्रथम नावाचा घोटाळा दूर केला पाहिजे. आपल्याकडे 'हीटर' हा एकच शब्द दोन निराळ्या वस्तूंस लावला जातो. पहिली वस्तू म्हणजे हीटर प्लग. तो इंजिनच्या डोक्यात बसविलेला असून चावी फिरविताच ज्वलनकक्ष तापवितो. दुसरी वस्तू म्हणजे डिझेल-हीटर. तो फिल्टरच्या डोक्यात किंवा फिल्टरलगत असतो व डिझेल गाळले जाण्यापूर्वी ते कोमट करतो. पहिला बिघडला तर थंड इंजिन चालू होण्यास त्रास होतो व पांढरा धूर येतो. दुसऱ्याचे काम निराळे आहे. डिझेलमध्ये मेणासारखा अंश असतो. फार थंडीत त्याचे स्फटिक बनतात व फिल्टरचा कागद त्यांनी बुजतो. हे टाळणे एवढाच डिझेल-हीटरचा हेतू होय. सर्वच जुन्या गाड्यांत तो नसतो. फिल्टरच्या डोक्याकडे जाड वायर जात असेल तर तो असण्याचा संभव आहे. तळाशी जाणारी बारीक वायर बहुधा पाणी दाखविणाऱ्या सेन्सरची असते.

आपल्या हवामानात डिझेल-हीटरची गरज कितपत आहे, याचाही विचार केला पाहिजे. भारतीय मानक आयएस १४६० प्रमाणे हिवाळी डिझेलचा वहनबिंदू, म्हणजे ज्या तपमानाखाली ते वाहेनासे होते तो बिंदू, ३ अंश सेल्सिअसहून अधिक नसावा. उन्हाळी डिझेलसाठी ही मर्यादा १५ अंश आहे. निफाड तालुक्यात पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली उतरतो. तरीसुद्धा पंपावरून त्या ऋतूत घेतलेल्या डिझेलने तेथे सहसा अडचण येत नाही. अडचण येऊ शकते ती मे महिन्यात पिंपात भरून ठेवलेले डिझेल पौषात वापरणाऱ्यास. येथे दोष हीटरचा नसून साठवणुकीचा आहे, आणि नवा हीटर बसविण्यापेक्षा ताजे डिझेल भरणे हाच त्यावरील खरा व स्वस्त उपाय आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. डिझेल-हीटर तीन प्रकारे बिघडतो, आणि या तिन्ही प्रकारांतील भेद शेतकऱ्यास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

पहिला प्रकार : आतील तापणारी पट्टी तुटते. मग हीटर तापत नाही, पण कोणाचे काही बिघडवीतही नाही. महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत असा मृत हीटर वर्षानुवर्षे गाडीत राहिला तरी मालकास त्याचा पत्ता लागणार नाही.

दुसरा प्रकार : हीटरच्या बैठकीचे रबर कडक होते किंवा त्याच्या जोडापाशी फट पडते. गाडी उभी असता तेथून हवा आत शिरते, डिझेल टाकीकडे मागे सरते आणि सकाळी लाईनने एअर धरलेली असते. हातपंपाने दाब देऊन एअर काढली की गाडी चालू होते, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. फिल्टरच्या डोक्याजवळ ओलसरपणा व धूळ चिकटलेली दिसल्यास हा प्रकार ओळखावा.

तिसरा प्रकार सर्वांत घातक : हीटर आतून शॉर्ट होतो. तो फ्यूज जाळतो, आणि त्याच फ्यूजवर दुसरी उपकरणे असतील तर तीही त्याच्याबरोबर बंद पडतात. १९९० च्या दशकातील काही अमेरिकन डिझेल पिकअपमध्ये हीटर व इंजिनाचे नियंत्रण करणारा विद्युतभाग यांचा फ्यूज एकच होता. एका किरकोळ हीटरने फ्यूज जाळला की सुस्थितीतील इंजिन जागचे हलत नसे आणि मालक पंप, इंजेक्टर व संगणक यांवर खर्च करीत बसत. आपल्या गाडीत कोणता फ्यूज कशाकशासाठी आहे, हे फ्यूजपेटीच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत पाहून ठेवण्याचे महत्त्व यावरून ध्यानात यावे.

याच ठिकाणी आपली एक अनिष्ट रूढी आड येते. फ्यूज दुसऱ्यांदा जळला की त्याच्या जागी तांब्याची तार घालायची! गेल्या हिवाळ्यात प्रस्तुत लेखकाने एका वस्तीवर अशी पिकअप पाहिली. टोमॅटोच्या जाळ्या भरलेल्या, पहाटेची वेळ, मालकास निघण्याची घाई. आदल्या आठवड्यात कोणा कारागिराने तार घालून दिली होती. चावी लावताच फिल्टरजवळून जळक्या रबराचा वास आला व धूर दिसू लागला. मालकाच्या मुलाने प्रसंगावधान राखून बॅटरीची वायर ओढून काढली, म्हणून गाडी वाचली. वायरचे आवरण फिल्टरपर्यंत वितळले होते, आणि तो फिल्टर डिझेलने ओला होता.

यात आश्चर्य काहीच नाही. ३०० वॅटचा हीटर १२ व्होल्टवर २५ अँपिअर प्रवाह घेतो. त्याच्या बेताने फ्यूज व वायर ठरविलेली असते. शॉर्ट झाल्यावर बॅटरी याच्या कितीतरी पट प्रवाह देऊ शकते. फ्यूज असेल तर तो जळून मार्ग तोडतो; तार असेल तर ती टिकते आणि गाडीची वायर जळते. फ्यूज हा रात्रीच्या राखणदारासारखा आहे. तो ओरडला म्हणून त्याचे तोंड बांधले, तर चोर निघून जात नाही.

मग करावे काय? क्रम साधा आहे. सेल्फ जोराने फिरतो की नाही, ते प्रथम पाहावे. मंद फिरत असल्यास बॅटरी व तिच्या पट्ट्या तपासाव्यात. नंतर फिल्टरच्या तळाचा नळ सोडून पाणी काढावे. मग एअर काढावी. हीटर प्लगला वीज पोहोचते की नाही, हे टेस्ट लॅम्पने पाहावे. एवढ्याने उलगडा न झाल्यास, किंवा फ्यूज जळालेला आढळल्यास, डिझेल-हीटरकडे वळावे.

फ्यूज जळत असेल तर चावी बंद करून हीटरचे सॉकेट सोडवावे, ठरलेल्या अँपिअरचाच नवा फ्यूज बसवावा व चावी लावावी. फ्यूज टिकला तर बिघाड बहुधा हीटरमध्येच आहे. तरीही जळाला तर तो वायरिंगमध्ये किंवा त्याच फ्यूजवरील अन्य उपकरणात आहे. हीटर थंडीतच चालू होत असल्यामुळे ही परीक्षा पहाटे करावी. एक रुपयाही जादा खर्च न करता ही परीक्षा होते आणि स्वस्त मीटरपेक्षा ती अधिक खात्रीची आहे, कारण अर्धा ओहम व शून्य ओहम यांतील फरक तसला मीटर नीट दाखवीत नाही.

आणखी एक चूक टाळावी. पुष्कळ हीटरांस तपमानावर चालणारा स्विच असतो. काही अमेरिकन गाड्यांत तो सुमारे ७ अंशांस हीटर चालू करतो व सुमारे २४ अंशांस बंद करतो. भर दुपारी मीटर लावून 'प्रवाह नाही, हीटर मेला' असे म्हणणे, म्हणजे दिवसा कंदील विझलेला पाहून त्यात तेल नाही असे ठरविण्यासारखे आहे.

हीटर शॉर्ट झाला आहे अशी खात्री पटल्यावर सॉकेट सोडलेलेच ठेवावे, त्यास टेप गुंडाळून ते बाजूस बांधावे व गाडी चालवावी. आपल्या सपाट प्रदेशात हंगाम निभावण्यास एवढे पुरेसे होते. सवडीने नवा हीटर किंवा रबर बसवावे. मात्र हीटर प्लगच्या बाबतीत असे करू नये, आणि एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज ६ गाड्यांस हा सल्ला लागू नाही. त्या जाणकार कार्यशाळेतच न्याव्यात. डिझेल खरोखरच थिजले असेल तर गरम पाण्यात बुडविलेले फडके फिल्टरभोवती गुंडाळावे. वायरींच्या जोडांवर पाणी पडू देऊ नये. टाकीखाली शेकोटी करणे किंवा पेटता बोळा फिरविणे हे प्राणघातक साहस आहे. डिझेलमध्ये रॉकेल मिसळणेही अयोग्य. त्याने पंपाचे वंगण कमी होऊन मोठे नुकसान होते.

काही जण म्हणतील की ही कामे मिस्त्रीची आहेत, शेतकऱ्याने त्यांत का पडावे? यावर आमचे उत्तर असे की, शेतकऱ्याने मिस्त्री व्हावे असे आम्ही म्हणत नाही. परंतु बैल आजारी पडल्यास त्याने चारा कधी सोडला, रवंथ करतो की नाही, हे तो जनावरांच्या डॉक्टरांस सांगतोच ना? तद्वत आपल्या गाडीचा फ्यूज किती वेळा जळाला आणि हीटर सोडल्यावर टिकला की नाही, एवढे त्यास सांगता आले पाहिजे. असे सांगणाऱ्या गिऱ्हाइकास प्रामाणिक मिस्त्री दुवा देतो, आणि अप्रामाणिक मिस्त्रीला त्यास फसविणे अवघड जाते.

यास्तव ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस आमची विनंती आहे की, दिवाळीच्या सुमारास, थंडी पडण्यापूर्वी, बाजाराच्या दिवशी एक जुनी पिकअप उभी करून अर्ध्या तासाचे प्रात्यक्षिक ठेवावे. फिल्टरचे पाणी कसे काढावे, सॉकेट कसे सोडवावे, कोणता फ्यूज कशाचा, हे मालकांच्या व चालकांच्या हातून करवून घ्यावे. त्याच वेळी प्रत्येक गाडीची फ्यूजपेटी उघडून पाहावी, आणि जेथे तार आढळेल तेथे ती काढून योग्य फ्यूज बसविल्याशिवाय गाडी हलू देऊ नये. दोन जादा फ्यूज गाडीच्या खणात ठेवण्यास फारसा खर्च येत नाही. त्यांनी वाचणारी गाडी, माल आणि माणसे यांची किंमत मात्र कोणत्याही लिलावात ठरविता येणार नाही.