लशीचा आराखडा साथीच्या आधी हवा

कोव्होवॅक्स ही पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली लस. मूळची अमेरिकेच्या नोव्हाव्हॅक्स कंपनीची. डिसेंबर 2021 च्या अखेरीस तिला भारतात आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. तिच्या कुपीत कोरोना विषाणूच्या पृष्ठभागावरचं स्पाइक प्रथिन असतं, पण ते विषाणूच्या अंगावर असतं तसंच्या तसं नसतं. मूळ प्रथिन म्हणजे 1273 अमिनो आम्लांची साखळी. तिच्यात इतर फेरफारांबरोबर 986 आणि 987 क्रमांकांची दोन अमिनो आम्लं बदलून तिथे प्रोलीन बसवलेलं आहे. फायझर, मॉडर्ना आणि जॉन्सन अँड जॉन्सनच्या लशींतही हीच दोन प्रोलीन आहेत. जगभरातल्या कोट्यवधी दंडांतून गेलेला हा एवढासा बदल कुणी, कधी आणि कशासाठी करून ठेवला होता, हे आपल्याला ठाऊक असायला हवं, कारण पुढच्या साथीची तयारी नेमकी कुठून सुरू होते ते त्यातून कळतं.

स्पाइक प्रथिन मोठं चंचल असतं. पेशीला भिडलं की वादळात छत्री उलटी व्हावी तसं ते आपलं रूप पालटतं. लशीतून शरीराला हे पालटलेलं रूप दिसलं, तर तयार होणाऱ्या प्रतिपिंडांपैकी बरीचशी खऱ्या विषाणूपुढे कुचकामी ठरतात. म्हणून पालटण्याआधीचं रूप घट्ट धरून ठेवावं लागतं. प्रोलीन इथे कामाला येतं. बाकीच्या अमिनो आम्लांची बाजूची शाखा मोकळी असते. प्रोलीनची मात्र वळून पुन्हा मुख्य कण्यालाच जोडलेली असते. त्यामुळे कण्याला त्या जागी हवं तसं वळता येत नाही आणि स्पाइकचं रूपांतर अडतं. प्रथिनाचा कणा कोणत्या कोनांत वळू शकतो आणि कोणत्या कोनांत मुळीच नाही, याचा नकाशा 1963 मध्ये मद्रास विद्यापीठातल्या जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. आजही जगात कुठेही संगणकावर प्रथिनाचं प्रारूप उभं राहिलं की ते रामचंद्रन आलेखावर पडताळून पाहतात. आपल्या शाळेच्या पुस्तकांत या माणसाला ठळक जागा मिळायला हवी.

दोन प्रोलीनची युक्ती कोविडसाठी शोधलेली नव्हती. मर्स या दुसऱ्या कोरोना विषाणूवर काम करताना जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम, अँड्र्यू वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती शोधली आणि 2017 मध्ये प्रसिद्ध केली. तेव्हा मर्सची फिकीर करणारं अरबस्तान आणि कोरियाबाहेर फारसं कुणी नव्हतं. 11 जानेवारी 2020 रोजी नव्या विषाणूची जनुकीय माहिती जगासमोर आली आणि 13 जानेवारीला मॉडर्नाच्या लशीचा आराखडा ठरला. ‘दोन दिवसांत लस’ म्हणून याचा गवगवा झाला. त्या दोन दिवसांमागे कित्येक वर्षांचं, कुणाच्या खिजगणतीत नसलेलं काम उभं होतं.

आता यापुढची पायरी. प्रोलीनच्या युक्तीत निसर्गानं दिलेल्या प्रथिनात फेरफार होता. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात डेव्हिड बेकर आणि नील किंग यांच्या गटांनी निसर्गात कुठेच नसलेली रचना संगणकावर आखली. रोझेटा या प्रणालीवर त्यांनी दोन प्रकारची प्रथिनं घडवली. एकाचे तीन-तीन रेणू एकत्र येतात, दुसऱ्याचे पाच-पाच. असे 20 त्रिकूट आणि 12 पंचक द्रावणात मिसळले की ते आपोआप जुळून एक पोकळ कण तयार होतो. 120 घटकांचा हा कण 2016 मध्येच, कोविडचं नावही नसताना, प्रसिद्ध झाला होता. 2020 मध्ये त्याच्यावर स्पाइकचा पेशीला चिकटणारा भाग जोडला गेला, एका कणावर 60 प्रती. अशी ओळीनं मांडलेली प्रतिमा आपल्या प्रतिकारयंत्रणेला सुट्या प्रथिनापेक्षा फार लवकर खटकते.

या कणाची लस दक्षिण कोरियाच्या एसके बायोसायन्सनं बनवली. तिचं नाव स्कायकोव्हिओन. सहा देशांतल्या 4037 प्रौढांवर तिची चाचणी झाली. तुलनेला होती अॅस्ट्राझेनेकाची लस, म्हणजे आपण कोव्हिशिल्ड म्हणून घेतली तीच. नव्या लशीनं विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं सुमारे तिप्पट तयार केली. ती साध्या फ्रिजच्या तापमानात टिकते. जून 2022 मध्ये कोरियानं तिला मान्यता दिली आणि संगणकावर आखलेल्या प्रथिनापासून बनलेलं पहिलं औषध म्हणून तिची नोंद झाली. प्रथिनं आखण्याच्या कामासाठी बेकर यांना 2024 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण लस आली तेव्हा ओमायक्रॉन जगभर पसरून गेला होता आणि ती होती 2020 च्या मूळ विषाणूवर बेतलेली. बहुतेकांचे डोस होऊन गेलेले. मागणी उरलीच नाही. मला ही हकीकत फार लागते. संगणकानं आपलं काम चोख केलं होतं. उशीर झाला तो चाचण्या, कारखाना आणि परवानग्या यांच्या वाटेत, आणि ती वाट साथ आल्यावर बांधायला घेतली की उशीर ठरलेलाच.

संगणकाच्या निष्कर्षांवर विश्वास किती ठेवायचा, हा प्रश्न रास्त आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या रॉमी अमारो यांचं काम मला इथे आदर्श वाटतं. त्यांच्या गटानं विषाणूच्या आवरणात रोवलेलं स्पाइक प्रथिन 17 लाख अणूंनिशी महासंगणकावर हलतं केलं. स्पाइकवर शर्करांचे झुपके असतात आणि ते प्रतिपिंडांपासून लपण्यासाठी असतात, एवढं माहीत होतं. हालचाल पाहताना दिसलं की 165 आणि 234 या जागांवरच्या दोन शर्करा स्पाइकचा चिकटणारा भाग उघडा धरून ठेवतात. मग प्रयोगशाळेत त्या शर्करा काढल्या, तर पेशीवरच्या ग्राहकाला चिकटणं खरोखरच कमी झालं. आधी संगणकानं सुचवायचं, मग परीक्षानळीनं कौल द्यायचा, हा क्रम मोडता कामा नये. प्रतिपिंडं माणसाच्या शरीरात किती महिने टिकतील, गरोदर स्त्रीला किंवा मधुमेही वृद्धाला लस कशी मानवेल, हे आज कुठलीही प्रणाली सांगू शकत नाही. त्याला माणसांवरची चाचणीच लागते. तिच्यात काटछाट सुचवणाऱ्यांना माझा ठाम विरोध आहे.

आता आपल्याकडे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवन वरदराजन यांच्या गटानं स्पाइकचा सुमारे 200 अमिनो आम्लांचा नेमका तुकडा निवडला. गोठवून सुकवलेल्या रूपात तो 37 अंश सेल्सिअसला महिनाभर आणि 100 अंशांना दीड तास टिकला. मेळघाटात आणि गडचिरोलीत बर्फाचे डबे घेऊन पायपीट करणाऱ्या आरोग्यसेविकेला विचारा या आकड्यांचं मोल. त्या संस्थेच्या छायेत वाढलेल्या मिनव्हॅक्स या कंपनीनं लस पुढे नेली, पण साथीच्या काळात ती आपल्या केंद्रांवर पोहोचली नाही. त्याच काळात सरकारनं ‘मिशन कोविड सुरक्षा’ या लसविकासाच्या मोहिमेसाठी 900 कोटी रुपये जाहीर केले, तेही नोव्हेंबर 2020 मध्ये, साथ ऐन भरात असताना.

2002 मध्ये सार्स, 2012 मध्ये मर्स, 2019 मध्ये कोविड. अठरा वर्षांत तीन कोरोना विषाणू प्राण्यांतून माणसांत आले. चौथा येणार नाही असं कुणीच म्हणत नाही. त्या सगळ्या घराण्यावर चालेल अशा लशीवर केंब्रिजमध्ये आणि कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये काम चालू आहे. अमेरिकेच्या सरकारनं मात्र हात आखडता घेतला: ऑगस्ट 2025 मध्ये एमआरएनए लशींचे 22 प्रकल्प गुंडाळायचं तिथे जाहीर झालं.

अशा वेळी एकट्या पुण्याकडे काय काय आहे ते पाहा. विषाणू वेगळा करून देणारी राष्ट्रीय विषाणू संस्था, नोव्हेंबर 2020 मध्ये जगात 63 वा ठरलेला सी-डॅकचा परम सिद्धी महासंगणक, आयसर, आणि जगाला लस पुरवणारे कारखाने. या सगळ्यांना जोडणारा, वर्षानुवर्षं चालणारा, साथ ओसरली म्हणून बंद न पडणारा निधी मात्र नाही. जैवतंत्रज्ञान विभागानं तो उभारावा, प्रथिनं आखणाऱ्या तरुणांना दीर्घ मुदतीच्या शिष्यवृत्त्या द्याव्यात आणि उष्णता सोसणाऱ्या लशीची माणसांवरची पहिली चाचणी साथ नसताना पुरी करून ठेवावी. तुमचे खासदार भेटले तर त्यांना एवढंच विचारा, येत्या अर्थसंकल्पात यासाठी किती रुपये आहेत?