एक फोन, चार माणसे

आपल्या घरात चांगला फोन बहुधा एकच. वडील सळईच्या कारखान्यात पाळीला गेले की फोनही त्यांच्याबरोबर जातो, आणि बी.ए.ची मुलगी नुसती वही उघडून बसते. 2020 साली टाळेबंदीत कॉलेजे बंद झाली, शिकवणे फोनवर आले, तेव्हा ही अडचण घरोघर दिसली. पुढे कॉलेजे उघडली. फोनवरचा अभ्यास मात्र राहिला.

केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’वर पदवीचे अभ्यासक्रम आहेत. व्याख्यान, वाचायचा मजकूर, स्वाध्याय, शंका विचारण्याची सोय, सारे त्यात आहे. शिकायला पैसे पडत नाहीत. प्रमाणपत्राच्या परीक्षेला फी आहे. यूजीसीच्या 2021 च्या नियमांप्रमाणे एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत श्रेयांक असे मिळवता येतात. पण जालन्यातले आपले कॉलेज आणि विद्यापीठ तो विषय धरते का, हे फी भरण्याआधी विचारून घ्या. नाहीतर पैसा आणि कष्ट दोन्ही वाया.

फोन मिळत नसेल तर टीव्ही आहे. ‘स्वयंप्रभा’ 2017 साली 32 वाहिन्यांनी सुरू झाली. रोज किमान चार तासांचे नवे पाठ, आणि तेच दिवसभरात आणखी पाच वेळा, अशी तिची आखणी. म्हणजे दिवसा कामाला जाणाऱ्या मुलीलाही रात्री पाठ सापडतो. बहुतेक पाठ इंग्रजी-हिंदीत असतात. अडलेले शब्द वहीत उतरवून सरांना विचारावेत.

आई-बाबांनो, मुलगी फोन घेऊन बसली की लगेच रागावू नका. काय पाहतेस, ते आधी विचारा. रोज एक तास तिच्या अभ्यासाचा ठरवा. त्या तासात मालिका बंद, आणि दादाचा फोनही तिच्याकडे.